घरीं जाण्याची रजा

‘फर्लो’ हा शब्द हल्लीं वर्तमानपत्रांत बहुतेक कैद्यांच्या रजेसंबंधानेंच वाचावयास मिळतो. इंग्रजी अमदानींत तो पलटणींत आणि मुलकी कचेऱ्यांत चाले. साहेब बंगला आवरून विलायतेस गेला म्हणजे तो ‘फर्लोवर गेला’ असें म्हणत. परंतु या शब्दाशीं ज्याचें सुखदुःख याहून अधिक जडलें होतें असा आणखी एक वर्ग आपल्या महाराष्ट्रांत शंभर-सवाशें वर्षें नांदून गेला. तो मिशनऱ्यांचा. त्यांच्या धर्मांतराच्या खटपटीविषयीं आमच्या वाचकांचें मत काय आहे हें आम्हांस ठाऊक आहे, व आमचेंहि त्याहून फारसें निराळें नाहीं. तथापि आज आम्हांस त्यांच्या धर्माविषयीं नव्हे, घराविषयीं लिहावयाचें आहे.

आरंभीं रजाच नव्हती. १८१३ सालीं अमेरिकन मंडळीचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट मुंबईस उतरले, ते जन्माचे येथें राहण्याच्या निश्चयानें. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाला. तोंपर्यंत आफ्रिकेस वळसा घालून अमेरिकेस जावयाचें म्हणजे शिडाच्या जहाजांतून चार-चार महिने. नॉट प्रकृतीमुळें लौकरच परतले. हॉल मात्र तेरा वर्षांत एकदांहि मायदेशीं गेले नाहींत. १८२५ सालीं त्यांनीं पत्नीस व दोन मुलांस अमेरिकेस धाडलें, त्यांपैकीं एक मूल वाटेंतच गेलें. पुढल्याच वर्षीं मार्च महिन्यांत नाशिककडील दौऱ्यांत हॉल स्वतः पटकीनें वारले.

अशा अनुभवांनीं मंडळ्या शहाण्या झाल्या, आणि सात-आठ वर्षें काम व मग एक वर्ष रजा असा क्रम हळूहळू पडला. पण ही रजा म्हणजे विश्रांति नव्हे. आपल्याकडे लेक माहेरीं आली म्हणजे आई तिच्या हातांतलें भांडें काढून घेते. मिशनऱ्यास मात्र माहेरीं पोंचतांच गांवोगांव हिंडून सासरची हकीकत सांगावी लागे, आणि तीहि अशी कीं, ऐकणाऱ्याचा हात आपोआप खिशाकडे जावा. दर रविवारीं निराळें देऊळ, निराळा यजमान आणि तींच नगर-सोलापूरचीं वर्णनें. मुलांसहि व्यासपीठावर उभें करीत. अंगावर इकडचा पोषाख, तोंडीं इकडच्या भाषेंतलें एखादें गीत. वर्गणी मिळवावयाची असली म्हणजे सासरचें दैन्य थोडें वाढवून सांगण्याचा मोह कोणास होणार नाहीं? स्वामी विवेकानंदांनीं अमेरिकेंत जो संताप व्यक्त केला त्याचें एक कारण हीं व्याख्यानें होतीं.

या सर्वांत मुलांचें काय होई, हें पाहावयाचें तर ह्यूम घराण्याकडे पाहावें. रॉबर्ट विल्सन ह्यूम सपत्नीक १८३९ सालीं मुंबईस आले. नगरास १८४२ सालीं निघालेल्या ‘ज्ञानोदय’ पत्राचें संपादन त्यांनीं मुंबईंत केलें. पंधरा वर्षांनीं प्रकृति पार ढासळली, तेव्हां १८५४ सालीं कुटुंबासह ते स्वदेशीं निघाले आणि समुद्रावरच वारले. विधवा आई मुलांना घेऊन पुढें गेली. त्यांतील रॉबर्ट अ‍ॅलन १८४७ सालीं मुंबईंतच जन्मलेला. म्हणजे त्या वेळीं सात वर्षांचा, आपल्याकडे ज्याची मुंज करावयाची अशा वयाचा. आईच्या दृष्टीनें हा प्रवास घरीं परतण्याचा होता. मुलानें तो देश पाहिलाहि नव्हता. त्याच्या दृष्टीनें तो घर सोडण्याचा होता, आणि त्याच वाटेवर त्याचा बाप गेला.

हा मुलगा तिकडे वाढला, येल विद्यापीठाचा पदवीधर झाला, आणि १८७४ सालीं नगरास परत आला. पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड मुंबईस आला. रॉबर्ट यांची पत्नीहि अशीच, इकडच्या मिशनऱ्याची कन्या. तिचे वडील एबेनेझर बर्जेस नगर-साताऱ्याकडे असतांना शाळांसाठीं ज्योतिषाचें मराठी पुस्तक तयार करूं लागले, त्या निमित्तानें हिंदु ज्योतिषाच्या नादीं लागले, आणि मायदेशीं परतल्यावर १८६० सालीं त्यांनीं सूर्यसिद्धान्ताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें. संस्कृताचा अभ्यासक अजूनहि तें उघडतो. जो ग्रंथ खोटा ठरवावयास माणूस निघावा त्याच्याच टीपा लिहितांना त्याचें आयुष्य जावें, असें या मंडळींत पुष्कळदां घडलें. एडवर्ड यांचा १८७७ सालीं मुंबईंत जन्मलेला मुलगा रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यानें तर तेरा उपनिषदांचें इंग्रजी भाषांतर केलें. तें १९२१ सालीं निघालें.

रॉबर्ट ह्यूम यांच्या रजाहि सुखाच्या नव्हत्या. १८८६ सालीं रजेवर असतांना त्यांनीं एक प्रश्न उघडपणें काढला : ख्रिस्ताचें नांवहि न ऐकतां जे मेले, त्यांस मरणोत्तर कांहीं संधि आहे कीं नाहीं? म्हणजे सरळ भाषेंत, आमचे-तुमचे पणजे-खापरपणजे कायमचे नरकांत गेले काय? नगरच्या शेजाऱ्यांत बारा वर्षें राहिलेल्या माणसास हा प्रश्न पडला नसता तरच नवल. परंतु मायदेशांतील मंडळीस तो पाखंड वाटला, आणि १८८७ पर्यंत त्यांस परत येऊं दिलें नाहीं. ज्यास घरीं जाण्याची रजा म्हणावयाचें, ती अशी घरींच अडकून पडण्याची शिक्षा झाली. पुढें १८९३ च्या शिकागो सर्वधर्मपरिषदेंत ते बोलले, आणि १८९४ च्या मार्चांत विवेकानंदांशीं त्यांचा पत्रव्यवहार झाला. स्वामींनीं उत्तरांत त्यांचे मुद्दे खोडून काढले. पण आरंभ ‘बंधो’ असाच केला.

हें पत्र ह्यूम यांनीं बॉस्टनजवळील ऑबर्नडेल येथून लिहिलें होतें. तेथें १८६८ पासून एका मिशनऱ्याच्या विधवेनें चालविलेलें मिशनऱ्यांच्या मुलांचें वसतिगृह होतें. रजा संपली कीं आईबाप हिंदुस्थानांत, तुर्कस्थानांत वा आफ्रिकेंत परतत, आणि शाळेच्या वयाचीं मुलें अशा ठिकाणीं मागें राहत. पुढील भेट सात-आठ वर्षांनीं. दहा वर्षांचा मुलगा त्या वेळीं अठरा वर्षांचा झालेला असे. कालिदासाच्या कण्वानें मुलीस एकदांच निरोप दिला; या आयांच्या नशिबीं तोच चौथा अंक प्रत्येक रजेच्या शेवटीं येई. पुढें १९०१ सालीं कोडईकनालला अमेरिकन मुलांची शाळा निघाली, तेव्हां मुलांस निदान या देशांत ठेवण्याची सोय झाली. रॉबर्ट ह्यूम १९२६ सालीं नगर सोडून गेले व १९२९ सालीं अमेरिकेंत वारले.

आम्हीं हें सारें आज कां लिहितों, असें कोणी विचारील. आपल्या घरांतून आतां उलट दिशेची फर्लो चालू झाली आहे म्हणून. पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतील मुलगा वा सून न्यू जर्सीस आहे, आणि दोन वर्षांनीं डिसेंबरांत तीन आठवड्यांची रजा घेऊन सहकुटुंब येते. मुलगा ‘घरीं आलों’ म्हणतो. त्याचा सात वर्षांचा मुलगा मात्र चौथ्या दिवशीं आजीस विचारतो, “आपण घरीं केव्हां जायचें?” आजीच्या मनास तें लागतें. तिनें वाईट वाटून घेऊं नये. पोरगा खरें तेंच बोलत असतो.

आणि आपण काय करतों? त्यास काकांकडे, आत्याकडे, मावससासऱ्यांकडे फिरवतों, सोवळें नेसवून पाटावर बसवतों, आणि पाहुण्यांपुढें म्हणतों, “रामरक्षा म्हणून दाखव पाहूं!” तो म्हणतो, टाळ्या पडतात. फक्त वर्गणी तेवढी गोळा करीत नाहीं. आमची वडीलधाऱ्यांस एवढीच विनंति कीं, त्या तीन आठवड्यांतील निदान एक आठवडा त्याला कोठें नेऊं नये. घरांतला एखादा कोनाडा त्याच्या नांवाचा करावा, त्यांत त्याच्या गोट्या, भोंवरा, अर्धें वाचलेलें पुस्तक राहूं द्यावें, व तो गेल्यावर आवराआवरींत तें हलवूं नये. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडीं आजोबांनीं असें केलें. दोन वर्षांनीं मुलगा आला तो पायांतले बूट न काढतांच आंत धांवला, भोंवरा आहे कीं नाहीं तें पाहण्यास. आजी बुटांवरून ओरडली, आजोबा तिच्यावर ओरडले.