घराला मराठी कळली पाहिजे

पिरंगुटहून पौडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बंगल्यांच्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. त्यांतल्या एका बंगल्यात माझी आत्या राहते. वय ब्याऐंशी, गुडघे थकलेले, दृष्टी अधू. तिचा मुलगा हिंजवडीत संगणक अभियंता आहे. आईला उठबस पडू नये म्हणून त्याने घरातले दिवे, पंखे आणि पाण्याचा पंप आवाजावर चालतील अशी व्यवस्था मोठ्या हौसेने करून घेतली. हेतू उत्तम, खर्चातही कसूर नाही.

गेल्या पावसाळ्यात तिच्याकडे मुक्कामाला होतो. तिन्हीसांजा झाल्या, तशी आत्या नेहमीच्या सुरात म्हणाली, "ओसरीवरचा दिवा लाव रे बाबा." कपाटावरचे यंत्र ढिम्म. मग तिने पाठ केलेले इंग्रजी वाक्य उच्चारले. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी काठी टेकत उठली आणि तिने भिंतीवरचे बटण दाबले. "अगं आई, हिंदीत सांग, त्याला कळते," असे मुलाने सुचवले. त्यावर ती म्हणाली, "दिवसा सांगीन रे हिंदीत. पण रात्री अंधारात घाबरी झाले, तर मला मराठीच सुचणार ना?"

या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. आवाजावर चालणारी व्यवस्था तरुणांसाठी गंमत असेल. वृद्ध, अपंग, अंथरुणाला खिळलेले यांच्यासाठी ती गरज आहे. आणि संकटाच्या क्षणी माणूस मातृभाषेतच हाक मारतो. ती हाक ज्या यंत्राला समजत नाही, ते कितीही महाग असले तरी त्या घरासाठी मुकेच म्हटले पाहिजे. म्हणून अशी व्यवस्था निवडताना रंगरूप आणि किंमत पाहण्याआधी तिला तीन कसोट्या लावाव्यात, असे माझे मत आहे.

भाषेची कसोटी

२०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या ८ कोटी ३० लाखांच्या घरात होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण बाजाराचे गणित वेगळे असते. ॲमेझॉनची 'अलेक्सा' भारतात २०१७ साली आली. तिला हिंदी यायला २०१९ उजाडले आणि तेव्हा मराठीचा विचार झाला नाही. गूगलने २०१८ साली आपल्या भ्रमणध्वनीवरील साहाय्यकात मराठी आणली, ही स्वागतार्ह गोष्ट. तथापि, भ्रमणध्वनीवर मराठीत प्रश्न विचारता येणे आणि घरातल्या ध्वनिक्षेपकाने मराठीत दिलेली आज्ञा पाळणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. जाहिरातीत 'मराठी' हा शब्द दिसला म्हणून फसू नये. दुकानातच यंत्रापुढे उभे राहून "दिवा लाव" असे म्हणून पाहावे. दिवा लागला तरच पुढची बोलणी.

आणि मराठी म्हणजे तरी कोणती? पुस्तकी भाषांतराची की घरात बोलली जाणारी? आपल्याकडे दिवा 'चालू' करत नाहीत, लावतात. जुन्या बायका दिवा 'विझव' म्हणत नाहीत, ते अशुभ. त्या 'मालव' म्हणतात. गिझरला 'बंब' म्हणणारी घरे अजून आहेत. 'ओसरी', 'माजघर', 'देवघर', 'मोरी' हे शब्द ज्या यंत्राला शिकवता येत नाहीत, त्याच्या सोयीसाठी आपणच आपली बोली सोडू लागतो. ध्वनिक्षेपक, महापौर, दिग्दर्शक असे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मराठीत रूढ करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांची थट्टा झाली. आज ते आपण सहज वापरतो. नव्या वस्तूला आपले शब्द देण्याची ती जिद्द आता यंत्राला आपले शब्द शिकवण्यात दिसली पाहिजे.

घरातले बोलणे घरात

दुसरी कसोटी घरपणाची. बाजारातली बहुतेक यंत्रे ठरावीक हाक ऐकू येईपर्यंत नुसता कान देऊन बसतात. हाक मिळाली की पुढचे बोलणे ध्वनिमुद्रित होऊन आंतरजालावरून कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे जाते, तिथे त्याचा अर्थ लावला जातो आणि मग आज्ञा परत येते. म्हणजे ओसरीवरचा दिवा लावायचा, तर आत्याचा आवाज आधी परगावी जाऊन येणार!

यातला धोका काल्पनिक नाही. या ध्वनिमुद्रणांपैकी काही कंपन्यांची माणसे ऐकतात, हे २०१९ साली उघड झाले. मुलांची ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ साठवून ठेवल्याच्या प्रकरणात २०२३ साली ॲमेझॉनने अमेरिकेत २ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. मार्च २०२५मध्ये याच कंपनीने काही यंत्रांवरील, आवाज बाहेर न पाठवण्याची सोय बंद केली. विकत घेताना असलेली सोय विक्रेत्याच्या मर्जीने पुढे काढून घेतली जाऊ शकते, हा यातला धडा. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदासंरक्षणाचा कायदा झाला, हे योग्यच. परंतु कायदा चोरी झाल्यावर कामाला येतो; कडी आपल्यालाच घालावी लागते. देवघरातली प्रार्थना, नवरा-बायकोची कुरबुर, आजारपणाची चर्चा यांना उंबऱ्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

पावसाळ्याची कसोटी

तिसरी कसोटी मुळशीकरांना सांगायला नको. ताम्हिणीकडून पाऊस एकदा कोसळू लागला की इथे आंतरजालाचा भरवसा उरत नाही. परगावच्या संगणकावर विसंबलेले यंत्र अशा वेळी बहिरे होते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी. त्यामुळे दिवे-पंख्यांची बटणे आणि नियंत्रक आंतरजालाविना, घरातल्या घरात एकमेकांशी बोलणारे घ्यावेत. 'झिगबी' किंवा २०२२ साली आलेले 'मॅटर' या मानकांवर चालणारी उपकरणे तशी जोडता येतात. आणि काहीही झाले तरी भिंतीवरचे साधे बटण काढून टाकू नये. मुख्य नियंत्रकाला छोटा इन्व्हर्टर असावा.

मग निवड कोणती?

या तीनही कसोट्यांवर आज सर्वांत जवळ उतरणारा मार्ग खुल्या प्रणालीचा आहे. २०१३ साली सुरू झालेली 'होम असिस्टंट' ही मुक्त आज्ञावली घरातल्याच एका लहान संगणकावर चालते. तिने २०२३ हे वर्ष आवाजाला वाहिले. तिच्यात उपकरणांना आणि खोल्यांना हवी ती पर्यायी नावे देता येतात, आज्ञांची वाक्येही आपण लिहून ठेवू शकतो. 'लाव', 'लावा', 'पेटव', 'मालव' हे सारे तिला शिकवता येते. बोललेले अक्षरांत उतरवण्याचे काम 'व्हिस्पर' ही २०२२ साली खुली झालेली प्रणाली घरातच करू शकते आणि तिच्या भाषांत मराठी आहे.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. 'व्हिस्पर'ला सुमारे ६ लाख ८० हजार तासांचे बोलणे ऐकवले गेले. त्यात बहुतांश इंग्रजी होते. मराठी त्या मानाने फार थोडी. त्यामुळे तिची लहान आवृत्ती मराठीत चुकते आणि मोठी आवृत्ती स्वस्त संगणकावर रेंगाळते. म्हणून बऱ्यापैकी ताकदीचा संगणक घ्यावा, आज्ञा मोजक्या ठेवाव्यात आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीच्या उच्चारांवर आधी चाचणी घ्यावी. जाणकार माणसाचे चार-दोन रविवार यात जातात. ज्या घरी असे कोणी नाही, त्यांनी गाणी-बातम्यांसाठी बाजारातले यंत्र खुशाल घ्यावे. पण झोपण्याच्या खोलीत ते ठेवू नये आणि दाराचे कुलूप त्याच्या हाती देऊ नये.

ही उणीव भरून काढणार कोण? १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि तिच्या 'जिस्ट' तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. ते काम कोणी परका करून देईल, म्हणून आपण थांबलो नव्हतो. २०२२ साली सुरू झालेल्या 'भाषिणी' उपक्रमात कोणालाही आपल्या भाषेतील वाक्ये बोलून देता येतात. मोझिलाच्या 'कॉमन व्हॉइस'मध्येही मराठीचे दालन आहे. कोणी म्हणेल, एकीकडे आवाज बाहेर जाऊ देऊ नका म्हणता आणि दुसरीकडे तो द्या म्हणता! फरक आहे. समोर आलेले वाक्य समजून-उमजून सर्वांसाठी वाचून देणे, हे दान आहे. घरातले खासगी बोलणे नकळत उचलले जाणे, हे हरण आहे.

मुळशीला हरणाचा अर्थ ठाऊक आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. जमिनी पाण्याखाली गेल्याच. ते पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजगृहात जाते आणि त्यावर मुंबईचे दिवे लागतात. त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नव्हते. आज आपल्याला निदान विचारले जाते, लांबलचक अटींच्या खाली 'मान्य' असे बोट टेकवायला सांगून. ते बोट टेकवण्याआधी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

आतेभावाने ऐकले. त्याने दिवाळीच्या सुट्टीत जुनी यंत्रे काढून घरातल्या संगणकावर नवी मांडणी केली. परवा आत्याचा फोन आला. दहातल्या सात वेळा ओसरीवरचा दिवा लागतो म्हणाली. तीन वेळा तो देवघरातला लावतो. "चालेल," ती म्हणाली, "निदान माझे ऐकतो तरी." हिंजवडीत, याच मुळशी तालुक्यात, हजारो मराठी अभियंते जगाची घरे बोलकी करण्यात गुंतले आहेत. त्यांनी मनावर घेतले, तर उरलेल्या तीन वेळा दुरुस्त व्हायला फार वर्षे लागू नयेत.