परवाना मिळाला, नेम कोण धरणार?

रानडुकराच्या पारधीचा परवाना विदर्भातल्या शेतकऱ्याला आज एकवेळ मिळतो. तो हातात आल्यावर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. जन्मात कधी शिकार न केलेला माणूस भरलेली बंदूक घेऊन अंधारात उभा राहिला, तर गावाला डुकरापेक्षा त्याचाच धोका जास्त. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलतो आहे.

मी राहतो नागपुरात, मानेवाड्याला. वावर कुही तालुक्यात. वडिलांची बारा बोअरची दुनळी पीकसंरक्षणाच्या परवान्यासह माझ्या नावावर आली आणि इतकी वर्षं ती तेल लावून पुसून ठेवण्यापलीकडे मी तिला हात लावला नव्हता. आमच्या शिवारात परवान्याची बंदूक असलेला मी एकटाच. त्यामुळे डुकरांच्या कळपाने हरभरा उलथून टाकल्यावर आजूबाजूच्या धुऱ्यांवरचे सगळे माझ्याकडे आले. ‘काकाजी, बंदूक तुमच्याजवळ हाये, परवाना बी भेटते. मंग भेता काहाले?’

भीती कशाची, ते तयारीला लागल्यावर कळत गेलं.

डुकरासाठी एलजीची काडतुसं वापरतात. एका काडतुसात जाड असे सहा छर्रे. पंचवीस-तीस मीटरच्या आत ते एका जागी बसतात, पुढे पांगतात. पांगलेला छर्रा डुकराला मारत नाही, जखमी करून सोडतो. जो छर्रा डुकराला लागलाच नाही, तो जातो कुठे? रब्बीत आमच्याकडे वावरावावरांत जागली असते. कोणी मचाणावर, कोणी पऱ्हाटीच्या ढिगाआड घोंगडी घेऊन पडलेला. म्हणून पहिली तयारी भर दिवसा करायची. आज रात्री कोण कुठे झोपणार, हे प्रत्येकाला विचारून घ्यायचं. कोणत्या दिशेला मागे उंच धुरा आहे आणि कोणती दिशा मोकळी आहे, ते ठरवून मोकळ्या दिशेला बंदूक वळवायचीच नाही. मचाणावरून खाली मारलेला छर्रा मातीत जिरतो, जमिनीवर उभं राहून मारलेला दूर जातो. म्हणून मचाण हवंच. तेही वाऱ्याच्या समोर तोंड करून, कारण डुकराची नजर मंद असली तरी नाक भलतं तीक्ष्ण असतं.

दुसरी तयारी ओळखीची. आमच्याकडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य फार लांब नाही. रात्री वावरात जे हलतं ते डुक्करच असेल असं नाही. रोही म्हणजे नीलगाय असेल, अस्वल असेल, दावं तोडून आलेला कुणाचा गोऱ्हा असेल, वाघही असू शकतो. बॅटरीच्या उजेडात रोह्याचे आणि गाईबैलांचे डोळे लख्ख चमकतात. डुकराचे तसे चमकत नाहीत. म्हणजे चमकत्या डोळ्यांवर नेम धरणारा नवखा गडी हमखास चुकीचं जनावर मारणार. मोठ्या नराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते, तिथे छर्रा अडतो. जनावर आडवं उभं असेल तरच, पुढच्या पायामागे. तोंड आपल्याकडे किंवा पाठ आपल्याकडे असेल तर बोट घोड्यावरून काढून घ्यायचं. जखमी डुकरामागे रात्री झुडपात शिरायचं नाही. ते काम सकाळी, वनखात्याच्या माणसांना सोबत घेऊन.

तिसरी तयारी कागदांची. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याच्या पारधीची लेखी परवानगी मिळते. २०२२च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही दोन्ही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. परवानगी नुकसान झालेल्या वावरापुरती असते, जंगलाच्या हद्दीत बंदूक न्यायची नाही. मेलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता. त्याचा पंचनामा होतो, विल्हेवाट लावली जाते, मटण कुणालाही मिळत नाही. हे ऐकल्यावर आमच्या शिवारातला निम्मा उत्साह तिथेच गळाला. आणखी एक गंमत म्हणजे आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला सांगतात. २०२४चं विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. धान कापणीवर, तूर फुलावर आलेली असते तेव्हाच. डुकरांना आचारसंहिता नसते.

एवढी तयारी करून मी मचाणावर बसलो. परवान्याची मुदत संपेपर्यंत एकही काडतूस वाजलं नाही. आडवं उभं असलेलं, मागे धुरा असलेलं आणि डुक्करच आहे अशी खात्री असलेलं जनावर टप्प्यात आलंच नाही. शिवारात मला भित्रा म्हणतात. म्हणोत. पहिल्या पारधीला निघालेल्या माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट म्हणजे गोळी कधी झाडायची नाही.

माझा भाचा अमेरिकेत, डेन्व्हरला असतो. तोही यंदा पहिल्यांदाच शिकारीला निघाला होता, प्रेअरी डॉगच्या. हा खारीच्या कुळातला, माळरानावर बिळांच्या वसाहती करून राहणारा प्राणी. तिकडचे गुरं पाळणारे त्याच्यावर आमच्याइतकेच वैतागलेले. भाच्याने मला तयारीची यादी वाचून दाखवली. जमीनमालकाची परवानगी, दुर्बीण, अंतर मोजायचं यंत्र, कानांचं संरक्षण, भरपूर पाणी, आणि बिळांजवळ पिसवांपासून सावध, कारण त्या वसाहतींत प्लेग असतो. भर उजेडात, उघड्या माळावर, मांजराएवढ्याही नसलेल्या प्राण्यासाठी हे सगळं. शिवाय कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही शिकारीचा परवाना हवा असेल, तर शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावाच लागतो. आपल्याकडे २०१६च्या शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट आणली, ती बंदुकीपुरती. रात्री जनावर कसं ओळखायचं आणि मागे काय आहे ते कसं पाहायचं, याची परीक्षा कुठेच नाही.

मुळात गोम इथेच आहे. १९७२च्या कायद्याने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने हौसेची शिकार बंद झाली. ती व्हायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर गावातलं शिकारीचं ज्ञानही गेलं. माझ्या वडिलांच्या पिढीत प्रत्येक मोठ्या गावात नेमबाज असायचा. आता परवान्याचा कागद ज्या शिकाऱ्याला गृहीत धरतो, तो शिकारी कायद्यानेच संपवला आहे.

मग लोक काय करतात? पंपाच्या लाइनवरून तारेत करंट सोडतात. त्या तारेला डुक्कर, वाघ आणि माणूस यांतला फरक कळत नाही. कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा छावा ‘श्रीनिवास’ एप्रिल २०१७मध्ये नागभीडकडे अशाच तारेला चिकटून मेला. जागलीला निघालेली माणसंही अशीच जातात, त्यांची बातमी आतल्या पानावर येते.

‘गोळी नको, कुंपण घाला’ असं म्हणणाऱ्या शहरी मित्रांशी माझं भांडण नाही. कुंपणाच्या तारेला सौम्य झटका देणारं झटका मशीन आधी, बंदूक शेवटी, हे मलाही मान्य आहे. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौरकुंपणाला अनुदान मिळतं, ते वाढवावं. पण ज्याने कुंपण घातलं त्याचं वावर वाचतं आणि कळप शेजारच्या गरिबाच्या वावरात शिरतो, हेही त्यांनी येऊन बघावं. गावाने एकत्र घातलेलं कुंपण आणि त्यातूनही आत येणाऱ्या कळपासाठी मोजकी, नेमकी पारध, दोन्ही लागतील.

ती पारध कोणी करायची? २०१६ साली बिहारमध्ये मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या, त्यावर केंद्रातल्या दोन मंत्र्यांचं उघड भांडण झालं आणि प्रश्न तिथेच राहिला. केरळने २०२२मध्ये वेगळी वाट धरली. पंचायतींच्या प्रमुखांना अधिकार दिले आणि परवानाधारक नेमबाजांची यादी करून त्यांच्याकडूनच रानडुकरं मारायची ठरवलं. महाराष्ट्राला यातलं घेण्यासारखं पुष्कळ आहे. प्रत्येक वनपरिक्षेत्रात प्रशिक्षण आणि परीक्षा घेऊन निवडलेल्या स्थानिक नेमबाजांची यादी असावी. त्यांना काडतुसांचा खर्च, मानधन आणि विमा मिळावा. परवाना शेतकऱ्याच्या नावाने निघाला, तरी बंदूक यादीतल्याच माणसाने धरावी. निवडणुकीच्या काळात या यादीपुरती सूट असावी.

वनखात्याचं मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. हिवाळी अधिवेशनही इथेच भरतं, ऐन जागलीच्या दिवसांत. आमदारांनी यंदा भरपाईच्या आकड्यांवर भांडून झालं की एवढंही विचारावं: परवाने किती दिले हे सांगता, मग नेम धरायला किती जणांना शिकवलंत? उत्तर शून्य असेल, तर हे परवाने म्हणजे सरकारने आपली जबाबदारी शेतकऱ्याच्या खांद्यावर टाकून केलेली सुटका आहे.