बेण्याला कुलूप नको, पण नाव हवे



मागच्या लागण हंगामातली गोष्ट. आपल्या एका गटात एका वयस्कर सभासदाच्या वावरात को ८६०३२ चा बेणे मळा उत्तम उभा होता. शेजारच्या सभासदाने नेहमीप्रमाणे अर्ध्या एकरापुरते बेणे मागितले. बाबांनी साफ नाही म्हटले. धुऱ्याला धुरा लागून, दोन पिढ्यांची देवघेव, तरी नाही! शेवटी शेजाऱ्याने लांबून, चार हातांतून फिरलेले बेणे ट्रॉली भरून आणले. पुढे त्यात काणी निघाली आणि बेटेच्या बेटे उपटून जाळावी लागली.

मी बाबांना कारण विचारले. ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच तर मेळाव्यात सांगितलं का गुजरातेत बटाट्याच्या बेण्यापायी कास्तकारावर कोटीचा दावा लागला. मंग आपण कायले भानगडीत पडा?"

चूक माझीच. मी अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी आज सांगतो, आणि त्यावरचे माझे मतही मांडतो.

२०१९ साली पेप्सिको कंपनीने आपल्या नावावर नोंदलेल्या बटाट्याच्या वाणावरून गुजरातेतील चार शेतकऱ्यांवर प्रत्येकी एक कोटी पाच लाखांचा दावा लावला, हे खरे. पण देशभर ओरड झाली आणि मे २०१९ मध्ये कंपनीने दावे मागे घेतले, हेही तितकेच खरे. त्या वेळी शेतकऱ्यांच्या बाजूने पुढे केला गेला तो २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा. त्यातील कलम ३९ सांगते की, नोंदणी झालेल्या वाणाचेही बियाणे शेतकऱ्याने राखावे, पेरावे, पुन्हा पेरावे, दुसऱ्याशी बदलावे, वाटावे आणि विकावेही. बंधन एकच, ते लेबल लावून, ब्रँडचा माल म्हणून विकायचे नाही. कायद्याच्या व्याख्येत ज्यापासून रोप पुन्हा उगवते ते सगळेच बियाणे, म्हणजे आपली टिपरीही त्यात आली. तेव्हा शेजाऱ्याला बेणे देणे हा गुन्हा नाही, तो आपला लिहून दिलेला हक्क आहे.

आता कोणी म्हणेल, मग काळजी कशाची? काळजी आहे, आणि ती उसाला जास्त आहे. संकरित कपाशीची सरकी राखून पेरली तर पीक सारखे येत नाही, म्हणून पाकीट दरवर्षी घ्यावेच लागते. कंपनीचे कुलूप बियाण्यातच असते. उसाचे तसे नाही. टिपरी लावली की तोच ऊस जसाच्या तसा उगवतो. या पिकाला कुलूप घालायचे तर ते फक्त कायद्यानेच घालता येते.

आणि तसे घातलेही गेले आहे. ब्राझीलने १९९७ साली वाण संरक्षणाचा कायदा केला. इतर पिकांचे बियाणे स्वतःसाठी राखायला त्यात मुभा आहे, पण उसाचे नाव घेऊन वेगळी अट घातली आहे. कारखान्याला ऊस देणाऱ्या मोठ्या शेतकऱ्याने संरक्षित वाणाचे बेणे स्वतःच्या वावरासाठी वाढवायचे असले तरी वाणाच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. लहान शेतकरी यातून सुटतो. तिथले मोठे ऊस संशोधन केंद्र १९६९ साली सहकारी संघाच्या पोटी जन्मले. २०११ मध्ये त्याची कंपनी झाली आणि आता ते आपल्या वाणांवर स्वामित्वशुल्क घेते. सहकारातून निघालेली संस्था कुठे जाऊ शकते, हे आपण डोळे उघडून पाहावे.

उसाचा इतिहास मात्र देवघेवीचा आहे. कोईमतूरचे ऊस पैदास केंद्र १९१२ चे. तेथील को ४१९ या गाजलेल्या वाणाचा एक पालक कोईमतूरचाच को २९०, तर दुसरा जावा बेटावरचा पीओजे २८७८. जावाचे बेणे आपल्याला मिळाले नसते तर को ४१९ झालाच नसता. उलट, कोईमतूरहून गेलेल्या बियांपासून दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात एनको ३१० निवडला गेला आणि तैवानपर्यंत पसरला. 'एन' नाताळचा, 'को' कोईमतूरचा. नाव राहिले, म्हणून श्रेयही राहिले.

आपल्या विदर्भात मात्र नाव राहिले नाही, त्याचेही उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी थोड्याशा जमिनीत धानाच्या वेगळ्या लोंब्या निवडून एचएमटी वाण तयार केला. पुढे विद्यापीठाने तो शुद्ध करून पीकेव्ही एचएमटी म्हणून दिला. दादाजींचे नाव त्यात आले नाही. २०१८ साली ते गेले. वाण लाखो वावरांत पोचला आणि माणूस अडचणीतच राहिला.

म्हणून माझे मत असे आहे. बेण्याला कुलूप नको, पण बेण्याला नाव हवे. आणि जो वाण काढतो त्याच्या पोटाचीही सोय हवी. एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात, तो फुकट होत नाही. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट कारखान्यांच्या टनामागच्या वर्गणीतून चालते, पाडेगावचे केंद्र सरकारी पैशातून. काही सभासद वर्गणीवर कुरकुर करतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की तो पैसा कारखान्याच्या काट्यावर सर्वांनी मिळून थोडा थोडा द्यावा, नाहीतर उद्या वावराच्या धुऱ्यावर एकेकट्याला स्वामित्वशुल्क म्हणून द्यावा लागेल. श्रीमंत देश व्यापार करार करताना युपोव्ह नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात या, असा आग्रह धरतात. त्याच्या १९९१ च्या मसुद्यात शेतकऱ्याने बियाणे वाटण्या-विकण्याला जागा नाही. भारत अजून त्यात नाही. तो तसाच बाहेर राहावा, असे ठराव आपल्या वार्षिक सभेने करून वर पाठवावेत.

ठराव होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातल्या तीन गोष्टी कराव्यात.

एक, बेणे देताना-घेताना वाण, तारीख, कोणाच्या मळ्यातून आणले आणि कितवी पिढी, हे गट कार्यालयाच्या वहीत लिहावे. वहीतली नोंद म्हणजे लेबल नव्हे, तिला कायद्याची आडकाठी नाही. रोग निघाला तर मूळही सापडते.

दोन, वावरात वेगळे, जोमदार बेट दिसले तर ते तोडणीत घालवू नका, मला कळवा. खूण करून ते स्वतंत्र वाढवू. खरोखर नवा वाण ठरला तर शेतकऱ्याच्या नावावर नोंदता येतो आणि शेतकऱ्याला नोंदणीचे शुल्क नाही.

तीन, बाहेरचा कोणी नमुना मागू लागला तर आधी त्याच्याकडून लेखी घ्या. परदेशी कंपनीला संशोधनासाठी किंवा व्यापारासाठी आपले जैविक वाण न्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. चहा पाजायला हरकत नाही, टिपरी मात्र कागदाशिवाय देऊ नये.

मागच्या आठवड्यात मी पुन्हा बाबांच्या वावरात गेलो आणि कलम ३९ मराठीत वाचून दाखवले. त्यांनी थोडा वेळ विचार केला. मग शेजाऱ्याला हाक मारली आणि म्हणाले, "पुढच्या लागणीले माझ्याकडूनच ने. पण साहेबाच्या वहीत लिहून!"

सर्व सभासदांनी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी