पट्टा पडतो, कंबर मात्र उठत नाही

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात सकाळी उठताना कुणीतरी "आई गं" म्हणतं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपलं अंकुशनगर कारखान्यामुळे वसलेलं गाव. हंगाम सुरू झाला की कोप्या पडतात, कोयते येतात, ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. चार-पाच महिन्यांनी पट्टा पडतो, माणसं गावी परततात. आणि सोबत काय नेतात? उचल फिटली तर फिटली, पण दुखणारी कंबर, सुजलेला गुडघा आणि न वळणारी बोटं हमखास नेतात. ऊसतोडवाल्यांचंच कशाला, ड्रायव्हर, फिटर, कापूस वेचणाऱ्या बाया, सगळ्यांचं तेच.

या दुखण्यावर आपल्याकडे मिळतं काय? गोळी, सुई, कमरेचा पट्टा आणि बाजारात माईकवर ओरडून विकलेलं तेल. माझं म्हणणं सरळ आहे: ज्या उपचाराला सगळ्यात भक्कम आधार आहे, तोच आपल्या भागात गरिबाला मिळत नाही. तो म्हणजे जाणत्या माणसाने शिकवलेला व्यायाम. तो बाटलीत भरता येत नाही, त्यावर कमिशन सुटत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाही. मला बारा वर्षांपासून मणक्याचा दाहक संधिवात आहे. डॉक्टर त्याला अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. औषध चालू आहेच. पण पाठ ताठ होऊ नये म्हणून रोज व्यायाम करावा लागतो, आणि तो शिकायला मला संभाजीनगर गाठावं लागलं. मला पगार आहे, मी गेलो. ज्याचा एक दिवस बुडाला की मुकादम खाडा धरतो, तो कसा जाणार?

"एवढे लोक आजारी आहेत का?" असं विचारणाऱ्यांसाठी आपल्याच राज्यातला दाखला. १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी भिगवण या गावात घरोघरी जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना हाडा-सांध्या-स्नायूंचं दुखणं निघालं, म्हणजे जवळपास १८ टक्के. त्यातला खरा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड, अर्ध्या टक्क्याच्या आसपास. बाकीचं बहुतेक झिजेचं, अंगमेहनतीचं, स्नायूंचं. भिगवणही उसाच्याच पट्ट्यातलं. आपलं चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही.

आता दोन दुखण्यांतला फरक. काम केल्यावर वाढतं आणि बसल्यावर थांबतं ते बहुधा झिजेचं किंवा ताणाचं. पण सकाळी अर्धा-एक तास अंग आखडलेलं राहतं, हालचाल केल्यावर मोकळं होतं, बोटांचे सांधे सुजतात किंवा ऐन तरुणपणी रात्री कंबरदुखीने जाग येते, ते दाहाचं असू शकतं. ते अंगावर काढायचं नसतं. आमवातात सांध्याची नासाडी पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होते. तिथे औषध लागतंच लागतं. "सगळ्या गोळ्या फेका, फक्त आसनं करा" असं सांगणाऱ्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. तो माणसाची बोटं वाकडी करून निघून जातो.

पण औषधासोबत काय? ब्रिटनमध्ये आमवाताच्या ४९० रुग्णांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. औषधं सगळ्यांचीच चालू होती. त्यातल्या निम्म्यांना शिवाय हाताचे ताणाचे आणि ताकदीचे व्यायाम शिकवले. वर्षभरानंतर त्यांचे हात जास्त चांगले चालत होते. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हेच सांगितलं, की दाहक संधिवातात हालचाल हा उपचाराचाच भाग आहे. आणि साध्या जुनाट कंबरदुखीबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये काय म्हटलं? व्यायाम करा, रुग्णाला आजार समजावून सांगा. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणं मात्र नेहमीच्या उपचारात नको. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं! पट्टा पहिल्या दिवशी, व्यायाम कधीच नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, "दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईला कसला व्यायाम शिकवता राव?" प्रश्न रास्त आहे. पण कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात तेच सांधे, त्याच दिशेने, थकल्यावरही ओढले जातात. व्यायामात जे स्नायू कमजोर राहिले त्यांना ताकद येते, आखडलेलं मोकळं होतं आणि कुठे थांबायचं ते कळतं. मोळी कशी उचलायची, कोयत्याच्या मुठीला कापड गुंडाळून पकड जाड कशी करायची, गरम सुजलेल्या सांध्याला गार आणि आखडलेल्याला शेक, हे सगळं यातच येतं. शेकाने रोग जात नाही, पण तासभर आराम पडतो आणि त्या तासात व्यायाम होतो.

हे न शिकवण्याची किंमतही ऐका. उन्हात, पाणी कमी पिऊन, रोज वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या तर मूत्रपिंड धोक्यात येतं. आणि ज्या पुडीने 'दोन दिवसांत फरक' पडतो, तिच्यात स्टेरॉइड नाही हे कोण तपासतं? चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. एकदम बंद केलं तर जिवावरही बेततं.

मग मागणी काय? कोट्यवधींचं यंत्र नकोच. फिजिओथेरपिस्टला एक खोली, चार सतरंज्या आणि रबरी पट्टे पुरतात. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि तेवढेच सरकारकडून, असं ठरलेलं आहे. त्या पैशातून हंगामात आठवड्यातून दोन दिवस कोप्यांवर फिजिओथेरपिस्ट पाठवा, आणि त्या दिवसाचा खाडा धरू नका. आयुष्मान आरोग्य मंदिरांत योगवर्ग घ्यायचे हे धोरणातच आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांना सांधेदुखीचे व्यायाम आणि दाहाची लक्षणं ओळखायला शिकवा, म्हणजे संशयित रुग्ण वेळेत तज्ज्ञाकडे जाईल. आपल्या भागाचे राजेश टोपे २०१९ ते २०२२ राज्याचे आरोग्यमंत्री होते. खात्याकडून काम कसं करून घ्यायचं हे या भागाला नव्याने शिकवायला नको.

सभासद बांधवांनो, वार्षिक सभेत आपण भावावर बोलतो, उताऱ्यावर बोलतो. ते बोलायलाच हवं. पण ज्यांच्या कमरेवर तो ऊस गव्हाणीत पडतो, त्यांच्या कमरेचा विषय अजेंड्यावर कधी येणार? यंदाच्या सभेत मी हा प्रश्न लेखी देणार आहे. सोबत सही करायला कोण कोण येतंय, कमेंटमध्ये नाव लिहा.