नखावरचे दोन सेकंद

डेंग्यूचा ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. धोक्याचे तास नेमके तेव्हाच सुरू होतात. केशवाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो, रक्त घट्ट होतं, हातपाय गार पडतात. वरचं ब्लड प्रेशर मात्र बराच वेळ शाबूत दिसतं, कारण शरीर बारीक वाहिन्या आवळून ते टिकवून धरतं. त्या एका आकड्यावर विसंबलं की घात होतो.

म्हणून नख दाबून पांढरं करायचं, सोडायचं आणि गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात का, ते बघायचं. वरच्या-खालच्या दाबातलं अंतर २० मिमी पारा किंवा त्याहून कमी झालं, तर शॉक समजायचा.

जिभेखालच्या सूक्ष्म वाहिन्या दाखवणारे कॅमेरे आहेत, पण ते मुख्यतः संशोधनापुरतेच. २०१९च्या ‘अँड्रोमेडा-शॉक’ चाचणीत संसर्गातून येणाऱ्या सेप्टिक शॉकचे उपचार मात्र बोट दाबून रंग परतायचा वेळ बघण्याच्या याच परीक्षेवर ठरवले गेले. रक्तातलं लॅक्टेट पाहून उपचार केलेल्या गटापेक्षा मृत्यू कमी दिसले, तरी फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. ती चाचणी डेंग्यूची नव्हती, हेही खरं. तरीही पावसाळ्यात तुडुंब भरलेल्या वॉर्डात रात्रपाळीच्या नर्सला ही नोंद तासातासाला करता यावी, एवढं मनुष्यबळ मिळालंच पाहिजे.