सायलेन्सर परळीला आहे!

आमच्या दादाने यंदा इलेक्ट्रिक कार घेतली. जालना ते संभाजीनगर, रोज जाऊन-येऊन 120 किमी. पेढे वाटताना म्हणाला, "धूर झीरो!" आता मी पडलो इंजिनिअर (होणारा!), राहवलं नाही. म्हटलं, "दादा, धूर आहे. फक्त सायलेन्सर परळीला आहे."

घरात जरा गरमागरमी झाली. मग वही काढली. एक लिटर पेट्रोल जळालं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड. ॲव्हरेज 16 चं धरलं तर किमीला 144 ग्रॅम. रिफायनरी, टँकर धरून 170 च्या आसपास. इकडे आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे 700 ग्रॅमच्या वर, कारण बहुतेक वीज अजून कोळशाचीच. तारांमधली गळती आणि चार्जरचा तोटा मिळवला की 900. युनिटला 7 किमी, म्हणजे किमीला 130 ग्रॅम. कुठंय झीरो? शिवाय बॅटरी बनतानाच दोन-अडीच टन हवेत गेलेले. ते फिटायला माझ्या हिशेबाने 60 हजार किमी!

2021 मध्ये आयसीसीटी या संस्थेने गाडीचं पूर्ण आयुष्य धरून हिशेब मांडला. इलेक्ट्रिकचं प्रदूषण पेट्रोलपेक्षा युरोपात 66 ते 69 टक्के कमी, भारतात 19 ते 34. फरक मुख्यतः विजेचा.

आता ग्रिडमधली वीज नेमकी कुठली हे सांगता येत नाही, परळी हे आपल्या जवळचं नाव एवढंच. पण कोळशाच्या विजेला पाणीही लागतं बरं का. 2013 च्या दुष्काळात आपल्याकडे मोसंबीच्या बागा वाळत होत्या, तेव्हा परळीचं केंद्रही पाण्याअभावी बंद पडलं होतं.

म्हणून दादा चुकला असं मी म्हणणार नाही. त्याचे 60 हजार दोन वर्षांत फिटतील. पण आमच्या शेजारच्या काकांची गाडी फक्त चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाते, महिन्याला 50 किमी, एरवी कव्हरखाली. त्यांनीही म्हणे "पर्यावरणासाठी" इलेक्ट्रिकचं मनात आणलंय. त्यांना फिटायला 100 वर्षं लागतील! काकांनी जुनीच गाडी चालवावी, हे माझं स्पष्ट मत. (त्यांना अजून सांगितलेलं नाही.)

दादाला मात्र म्हटलं, दिवसा चार्ज कर, तेव्हा ग्रिडमध्ये सोलरची वीज असते. तो म्हणाला, "दिवसा गाडी कंपनीत उभी असते, तिथं प्लग कुठंय?" पार्किंगला पत्र्याची लांबलचक शेड आहे, वर दिवसभर मराठवाड्याचं ऊन. पॅनल बसवा, असा अर्ज मीच लिहून दिलाय. दादाने अजून सही केलेली नाही.