राखणदाराचे म्हातारपण

घरातील वडीलधाऱ्या पुरुषाची रात्रीतून चार वेळा झोप मोडू लागली, लघवीला वेळ लागू लागला, म्हणजे हल्ली कोणीही ‘प्रोस्टेट असेल, दाखवून घ्या’ असे सहज सुचवतो. ज्या अवयवाचे नाव घेण्याचाही पूर्वी संकोच वाटे, त्याविषयी एवढा मोकळेपणा आला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु त्याच घराच्या अंगणात, यजमानाबरोबरच म्हातारा होत चाललेला कुत्रा त्याच ग्रंथीने पीडलेला असू शकतो, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. म्हणून या महिन्यात कुत्र्याच्या प्रोस्टेटविषयी चार गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे. विषय नाजूक आहे खरा. पण मुक्या जिवाच्या दुखण्यापुढे आपला संकोच किती बाळगावा, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

प्रथम नावाविषयी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘वाताष्ठीला’ हा एक आहे. गुद आणि बस्ती यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ उद्भवून मल, मूत्र आणि वायू यांचा अवरोध होतो, असे त्याचे वर्णन आहे. मराठी शास्त्रीय लेखनात प्रोस्टेटला ‘अष्ठीला ग्रंथी’ म्हणतात. ही ग्रंथी मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला वेढून असते आणि वीर्यातील द्रव तयार करते. तिच्या वरच्या अंगाला लागूनच गुदाशय जातो. हा शेजार ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

वय वाढले की पुरुषाप्रमाणेच कुत्र्याचीही ही ग्रंथी आपोआप वाढते. खच्चीकरण न झालेल्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्म्यांत पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत ही वाढ सुरू झालेली आढळते, आणि नऊ वर्षांपुढे तर दहांपैकी आठांहून अधिकांत. पुष्कळांना तिचा त्रास होत नाही. पण ज्यांना होतो त्यांचे दुखणे ओळखण्यात आपण हमखास फसतो. माणसात ही वाढ मूत्रमार्गाला आवळते, म्हणून तक्रार लघवीची असते. कुत्र्यात ती बहुधा बाहेरच्या अंगाला होते आणि वरच्या गुदाशयावर दाब देते. त्यामुळे कुत्रा लघवी ठीक करतो, पण शौचाला कुंथतो. मळ फितीसारखा चपटा पडतो. कधी मूत्रमार्गातून रक्ताचे थेंब ठिबकतात. घरची मंडळी याला ‘पोट बिघडले’ असे समजतात.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. नऊ वर्षांचा तो कुत्रा तासन्‌तास कुंथे. त्याला दोन महिने एरंडेल आणि इसबगोल आलटून पालटून देणे चालले होते. खाल्ले की यातना, हे त्या जिवाला उमगले असावे. त्याने पोळीला तोंड लावणेच सोडले आणि तो खंगत गेला. अखेर गुरांच्या दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासले, सोनोग्राफी केली, आणि पाच मिनिटांत निदान झाले. खच्चीकरणाचा सल्ला मिळताच मात्र घरात वाद उभा राहिला. घरच्या आजी म्हणाल्या, “म्हातारपणी त्याची अशी विटंबना करायची? हे पाप कोणाच्या माथी?” नातवाने एवढेच विचारले, “आजी, रोज कुंथून कुंथून तो विव्हळतो, ते पुण्य का?” आजी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्यासाठी रिक्षा त्यांनीच बोलावली. महिन्याभरात तो कुत्रा पुन्हा दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांवर भुंकू लागला.

या उपायामागचे कारण सोपे आहे. ही ग्रंथी अंडकोषांतून येणाऱ्या पुरुषी संप्रेरकावर पोसली जाते. तो पुरवठा तुटला की काही आठवड्यांत ती निम्म्याहून लहान होते आणि गुदाशयावरचा दाब सुटतो. शस्त्रक्रिया सोसवण्याजोगी प्रकृती नसेल, तर फिनास्टेराइडसारखी गोळी डॉक्टर देतात. परंतु ती बंद केली की वाढ परत येते. माणसाची गोळी अंदाजाने कुत्र्याला घालण्याचा उद्योग कोणीही करू नये. दुखते म्हणून घरातली वेदनाशामक गोळी देणे तर त्याहून घातक. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासमान आहे, आणि पॅरासिटामॉलने मांजराचा प्राण जाऊ शकतो.

साध्या वाढीखेरीज आणखी दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. वाढलेल्या ग्रंथीत जंतूंचा शिरकाव झाला तर ताप येतो, पाठ कमानीसारखी वाकते, मागचे पाय ताठरतात, अन्न सुटते; क्वचित आत पू साठतो. अशा वेळी प्रतिजैविके चार ते सहा आठवडे द्यावी लागतात. आठवड्यात कुत्रा हिंडूफिरू लागला म्हणून औषध थांबवणे म्हणजे रोग परत बोलावणे होय. दुसरी गोष्ट कर्करोगाची. कुत्र्यात तो विरळा आहे, पण खच्चीकरणाने तो टळत नाही. म्हणून खच्ची केलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची ही ग्रंथी वाढलेली आढळली, तर ती साधी वाढ न समजता पूर्ण तपासणी करून घ्यावी.

मांजराची गोष्ट वेगळी. बोक्याला ही ग्रंथी असते, पण तिचे आजार क्वचितच होतात. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही पडत नाही, असे दिसले तर बहुधा त्याचा मूत्रमार्ग खड्याने वा चिकट बुचाने तुंबलेला असतो. तेथे उद्याची वाट पाहू नये. दोन-तीन दिवसांत प्राणावर बेतते.

या ग्रंथीचे आणि संप्रेरकाचे नाते उलगडले, त्यात कुत्र्याचाच वाटा मोठा. शिकागो विद्यापीठातील शल्यचिकित्सक चार्ल्स हगिन्स यांनी कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर अभ्यास केला आणि त्याच्या आधाराने १९४१ मध्ये पुरुषांच्या प्रोस्टेट-कर्करोगावर संप्रेरक रोखण्याचा उपाय प्रसिद्ध केला. १९६६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक पेटन राउस यांच्याबरोबर त्यांना विभागून मिळाले. आज किती घरांतील आजोबा त्या मार्गाच्या उपचाराने नातवंडांत वावरत आहेत! त्या ऋणाची परतफेड आपल्याला फार महाग पडत नाही.

आमच्या माळव्यात महूला १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बडोदेकरांना आणंद जवळ आहे. इतर गावींही पशुवैद्य मिळतात. घरचा कुत्रा पाच वर्षांचा झाला की वर्षातून एकदा लस टोचायला न्याल, तेव्हाच ही ग्रंथीही तपासून घ्या. आणि सकाळी फिरवून आणण्याचे काम घरच्या मुलाकडे असेल, तर त्याला एवढे सांगून ठेवा, की कुत्रा कसा बसतो, किती वेळ बसतो, हे पाहावे आणि घरी येऊन न लाजता सांगावे.